दुकानाची किल्ली मोजून देता, मग क्लाउडची का नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी ब्राउझरस्टॅकचं नाव घेतलं आणि वेळेअभावी दोन वाक्यांत विषय गुंडाळला. पण ती गोष्ट दोन वाक्यांत संपणारी नाही, म्हणून हा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊनच बसा. आणि "मॅडम, माझं तर साधं दुकान आहे, क्लाउड वगैरे मोठ्या लोकांचं काम" असं म्हणून पान बंद करू नका. तुमचं जीमेल, तुमचं बिलिंग ॲप, पेमेंट गेटवे, वेबसाइट, सगळं क्लाउडवरच चालून राहिलं आहे. फक्त त्याचं नाव तुम्हाला कोणी तसं सांगितलेलं नाही.

आधी गोष्ट ऐका.

ब्राउझरस्टॅक ही आपल्या मुंबईची कंपनी. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या दोघांनी २०११ मध्ये सुरू केलेली. काम काय, तर तुमची वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि मोबाइलवर कशी दिसते ते तपासून पाहायची सोय देणं. ग्राहक जगभरचे डेव्हलपर. म्हणजे ज्यांना कॉम्प्युटरातलं कळतं असेच लोक.

९ नोव्हेंबर २०१४. कंपनीच्या काही ग्राहकांना एक मेल आला की ब्राउझरस्टॅक बंद होत आहे, आणि सुरक्षेबद्दल आम्ही तुम्हाला जे सांगत आलो ते खरं नव्हतं. मेल कंपनीच्याच मेल सेवेतून गेला होता. फक्त पाठवणारा कंपनीतला नव्हता.

हा माणूस आत शिरला कसा, ते कंपनीने नंतर स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं. म्हणून आज आपल्याला एकेक पायरी बघता येते.

कंपनीचं एक जुनं मशीन होतं. २०१२ च्याही आधीचं, सुरुवातीच्या प्रयोगाच्या काळातलं. आता ते कोणी वापरत नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक नावाची एक मोठी खोट जगभरच्या सर्व्हरमध्ये सापडली, तेव्हा कामातल्या मशीनना दुरुस्ती लावली गेली. हे पडून राहिलेलं मशीन सुटलं. चोर त्या फटीतून आत आला. आता नुसत्या त्या मशीनमध्ये घेण्यासारखं काही नव्हतं. भाऊ, रद्दीच होती ती! पण त्या रद्दीत ॲमेझॉनच्या क्लाउड खात्याची ॲक्सेस की ठेवलेली होती.

इथून पुढचं नीट वाचा.

त्या कीच्या जोरावर त्याने खात्यात स्वतःसाठी एक नवा युझर तयार केला. मग कंपनीच्याच खात्यात एक नवं मशीन चालू केलं. त्या मशीनला कंपनीच्या बॅकअपची एक डिस्क जोडली. त्या डिस्कवर एका फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला होता. डेटाबेसच्या बाहेर जी भिंत असते, कोणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणारी, त्या भिंतीत त्याने स्वतःच्या पत्त्याला परवानगी देऊन टाकली. आणि ग्राहकांची यादी कॉपी करायला लागला. मेल आयडी आणि सांकेतिक स्वरूपातले पासवर्ड असलेली यादी.

कंपनी वाचली ती एका कारणाने. कॉपी सुरू होताच डेटाबेसमधली ती यादी अडकली आणि देखरेखीच्या यंत्रणेने घंटा वाजवली. लोकांनी नोंदी पाहिल्या, एक अनोळखी पत्ता दिसला, तो लगेच बंद केला. तोपर्यंत थोडाच भाग गेला होता. पासवर्ड नीट गुंतवून साठवलेले होते, कार्डांची माहिती कंपनी स्वतःकडे ठेवतच नव्हती. नंतर त्यांनी सेवा थांबवली, सगळ्या जुन्या की आणि पासवर्ड रद्द करून नवे काढले, आणि काय झालं ते ग्राहकांना न लपवता सांगितलं. हीच कंपनी २०२१ मध्ये ४ अब्ज डॉलर मूल्यांकनाला पोहोचली. माझ्या मते त्या खुलाशाचा यात वाटा आहे. ग्राहक चूक विसरतो, लपवाछपवी विसरत नाही.

आता त्या पायऱ्या पुन्हा पाहा आणि सांगा, कुलूप कुठे तुटलं? पहिल्या मशीनमध्ये फट होती, ठीक. त्यानंतर एकही कुलूप तुटलेलं नाही. प्रत्येक दार किल्लीने उघडलं. आणि ती एकच किल्ली नवा माणूस नेमू शकत होती, नवं मशीन चालू करू शकत होती, बॅकअप काढू शकत होती, भिंतीला दार पाडू शकत होती. एका प्रयोगाच्या मशीनला एवढ्या अधिकारांची गरज होती का? म्हणजे दोष दोन होते. किल्ली विसरली गेली हा एक. आणि त्या किल्लीला सगळं घर उघडत होतं हा दुसरा. पहिला दोष माणसाकडून होणारच, आपण विसरतो. दुसरा दोष टाळता येतो, आणि तो टाळला असता तर पहिल्याने फारसं बिघडलं नसतं.

याच वर्षी जून महिन्यात कोड स्पेसेस नावाची एक परदेशी कंपनी होती. होती म्हणते, कारण आता नाही. दुसऱ्यांचे प्रोग्राम सांभाळून ठेवणं हाच त्यांचा धंदा, म्हणजे गोडाऊनवालेच म्हणा. १७ जून २०१४ ला त्यांच्या क्लाउड खात्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एक अनोळखी माणूस शिरला आणि पैसे मागणारा निरोप ठेवून गेला. कंपनीने पासवर्ड बदलायला सुरुवात केली. पण त्या माणसाने आधीच आपल्यासाठी जास्तीची लॉगिन करून ठेवली होती. कंपनी परत ताबा घेते आहे हे दिसताच त्याने एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. बारा तासांत बहुतेक सगळा डेटा गेला. बॅकअपही गेले, कारण तेसुद्धा त्याच ताब्यातून पुसता येत होते. कंपनीला धंदा बंद करावा लागला.

बॅकअप आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. तिजोरीची डुप्लिकेट किल्ली तिजोरीतच ठेवली तर काय उपयोग?

ॲक्सेस की म्हणजे नेमकं काय

पासवर्ड माणसासाठी असतो. ॲक्सेस की प्रोग्रामसाठी असते. तुमच्या वेबसाइटला रात्री दोन वाजता ग्राहकाने टाकलेला फोटो क्लाउडवर ठेवायचा असतो, तेव्हा तुम्ही उठून पासवर्ड टाकणार नाही. म्हणून वेबसाइटलाच एक ओळख आणि एक गुप्त चिठ्ठी देऊन ठेवतात. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ओळखीचा भाग वीस अक्षरांचा असतो आणि गुप्त भाग चाळीस अक्षरांचा. गुप्त भाग तयार करताना एकदाच दिसतो, नंतर खुद्द ॲमेझॉनही दाखवत नाही. आणि याच एका गोष्टीमुळे गडबड होते. "पुन्हा दिसणार नाही" म्हटल्यावर डेव्हलपर ती चिठ्ठी कुठेतरी उतरवून ठेवतो. नोटपॅडमध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये, नाहीतर थेट प्रोग्रामच्या आत.

पासवर्डला ओटीपीची जोड देता येते. कीला साधारणपणे ओटीपी विचारला जात नाही. ज्याच्या हातात पडली, त्याची झाली.

उबरचं २०१६ मध्ये हेच झालं. त्यांच्या इंजिनियरांनी प्रोग्राम ठेवायच्या खासगी जागेत क्लाउडची की ठेवली होती. चोर त्या जागेत शिरले, की उचलली, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती घेऊन गेले. कंपनीने त्यांना १ लाख डॉलर दिले आणि प्रकरण वर्षभर दाबून ठेवलं. २०१७ च्या नोव्हेंबरात ते बाहेर आलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ब्राउझरस्टॅकचं वागणं आणि हे वागणं शेजारी ठेवून बघा.

आणि आपल्या देशातलं हवं असेल तर बंगळुरूची जसपे. अनेक मोठ्या ॲपची पेमेंट या कंपनीतून जातात. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्याकडे घुसखोरी झाली, लोकांना कळलं जानेवारी २०२१ मध्ये. कारण कंपनीनेच सांगितलं, वेळेवर न बदललेली एक जुनी ॲक्सेस की. कार्डाचे पूर्ण नंबर गेले नाहीत, पण अर्धवट झाकलेल्या नंबरांच्या साडेतीन कोटी नोंदी गेल्या.

मुंबई, बंगळुरू, अमेरिका. फार हुशारीचा हल्ला यात कुठेच नाही. पडलेली किल्ली कोणीतरी उचलली, एवढंच.

आता तुमच्या दुकानात या

माझ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एक कागद देते. दुकानाच्या जीमेलचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, तेवढा आकडा लिहा म्हणते. लोक आधी "दोन" लिहितात. मग थोड्या वेळाने खोडतात. भाच्याला दिला होता फोटो टाकायला. वेबसाइटवाल्याला दिला होता. त्या मुलीला दिला होता, जी आता पुण्याला गेली. अकाउंटंटला दिला होता मार्च एंडिंगला. एका भाऊंचा आकडा सात झाला होता, आणि त्यातले तिघं आता त्यांच्याकडे कामालाच नव्हते.

आणि हेच भाऊ शटरच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते झोपेतही सांगू शकतात!

क्लाउडच्या मोठ्या कंपन्या ज्याला "कमीत कमी परवानगी" म्हणतात, ते आपल्या इतवारी-गांधीबागच्या जुन्या पेढ्यांना शिकवावं लागत नाही. माल उचलणारा गल्ल्याला हात लावत नाही. गल्ल्यावरचा गोडाऊनच्या किल्ल्या मागत नाही. मुनीम हिशोब लिहितो पण तिजोरी शेठच उघडतात. कोणाचाही यात अपमान नसतो, कारण सगळ्यांनाच तसं असतं. मग दुकान मोबाइलमध्ये गेलं की आपण एकच लॉगिन करून सगळ्यांना वाटून का टाकतो?

मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. "अहो, घरचाच पोरगा आहे. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवू?"

उलटा विचार करून पाहा. पाच जण एकाच लॉगिनने बिलिंग करतात. संध्याकाळी अठराशे रुपये कमी भरले. बिल कोणीतरी डिलीट केलं आहे, पण नोंदीत नाव एकच, दुकानाचं. आता तुम्ही कोणाकडे बघणार? पाचही जणांकडे. त्यातले चार निर्दोष आहेत, आणि त्या चौघांना ते सिद्ध करायचा काही मार्ग तुम्ही ठेवलेला नाही. प्रामाणिक मुलगा अशा ठिकाणी टिकत नाही, पुढची नोकरी शोधतो. वेगळं लॉगिन हे त्या मुलासाठी संरक्षण आहे. मी माझ्या दुकानात हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी असंच सांगते, की हे लॉगिन तुझं, यातून जे होईल त्यावर तुझं नाव येईल, आणि जे तू केलं नाहीस ते तुझ्या नावावर येणार नाही. आजवर कोणी नाराज झालेलं नाही.

काउंटरवरच्या माणसाला काय लागतं? बिल करणं, माल शिल्लक किती ते बघणं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत सवलत देणं. झालं. बिल पुसणं, मागच्या तारखेचं बिल करणं, खरेदीचा भाव बघणं, ग्राहकांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये काढणं, यातलं काहीही त्याला लागत नाही. टॅलीसकट बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हे वेगवेगळं करता येतं. सेटिंगमध्ये युझर किंवा रोल असं काहीतरी असतं, तिथे जा. "डिलीट" हा अधिकार फक्त तुमच्याकडे ठेवा, अगदी कायमचा. कंपन्यांसाठी तर सरकारने १ एप्रिल २०२३ पासून असं अकाउंटिंग सॉफ्टवेअर सक्तीचं केलं आहे की ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. प्रोप्रायटरला ही सक्ती नाही. पण सोय फुकट मिळत असेल तर वापरायला काय हरकत आहे?

माझं स्पष्ट मत सांगू? छोट्या दुकानात परदेशातल्या हॅकरपेक्षा हा डिलीटचा अधिकार जास्त पैसे खातो.

गूगलवर तुमच्या दुकानाचं जे पान आहे, त्यात मालक आणि मॅनेजर असे वेगळे दर्जे आहेत. फोटो टाकणाऱ्या मुलाला मॅनेजर करा, पासवर्ड देऊ नका. फेसबुकच्या पानाचंही तसंच. ॲमेझॉनवर माल विकत असाल तर सेलर खात्यात प्रत्येकाला वेगळा युझर करून कोणते पान दिसावं ते ठरवता येतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी आजच उघडून बघा, एखादा जुना लॅपटॉप अजून तिथे बसलेला सापडेल.

जीएसटीचं जरा सविस्तर सांगते, कारण नवीन धंदेवाल्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नोंदणी करून देणारा सल्लागार घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर आणि मेल टाकतो. तेव्हा बरं वाटतं, ओटीपीची कटकट आपल्याला नको. पण मग तुमच्या धंद्याच्या सरकारी दाराची किल्ली त्याच्या खिशात. पुढे बिनसलं, किंवा त्याने नंबर बदलला, की तुम्हाला तुमचंच रिटर्न भरता येत नाही. लॉगिन अजून चालत असेल तर पोर्टलवर नॉन-कोअर दुरुस्तीत जाऊन अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि मेल बदलून घ्या. लॉगिनच हातात नसेल तर कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा. खात्री झाली की ते नवीन मेल आणि मोबाइल नोंदवून देऊ शकतात. सल्लागाराला कामापुरतं देता येतं, सगळं द्यायची गरज नसते.

वेबसाइट असेल तर डेव्हलपरशी काय बोलायचं

ज्यांची वेबसाइट किंवा ॲप आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. बाकीच्यांनी चाळला तरी चालेल, पण पुढेमागे लागेलच.

सगळ्यात आधी एक प्रश्न. क्लाउडचं खातं कोणाच्या मेलवर आहे, आणि कार्ड कोणाचं जोडलं आहे? खूपदा असं असतं की खातं डेव्हलपरच्या मेलवर आणि कार्ड तुमचं. म्हणजे घर त्याच्या नावावर, हप्ता तुमचा. खातं तुमच्या मेलवर करून घ्या, डोमेन नावही तुमच्याच नावावर.

त्या खात्याचा जो मूळ मालक-युझर असतो, ज्याला रूट म्हणतात, तो रोजच्या कामाला वापरायचाच नाही. त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि त्याच्या नावाची एकही ॲक्सेस की ठेवू नका. असेल तर काढून टाका. रूटच्या कीला खात्यात काहीही करता येतं. ती चोरीला गेली तर कोड स्पेसेससारखी वेळ यायला बारा तासही लागणार नाहीत.

डेव्हलपरसाठी वेगळा युझर, वेबसाइटसाठी वेगळी ओळख. आणि त्या ओळखीला कशाकशाची परवानगी आहे ते त्याला मराठीत समजावून सांगायला लावा. ॲमेझॉनच्या परवानगीपत्रात तीन गोष्टी असतात. होय की नाही, कोणतं काम, आणि कोणत्या वस्तूवर. जे लिहिलेलं नाही ते आपोआप नाकारलं जातं. ही व्यवस्था मुळात चांगली आहे. पण घाईतला डेव्हलपर "कोणतं काम" आणि "कोणत्या वस्तूवर" या दोन्ही जागी एक चांदणी टाकतो, *, म्हणजे "सगळं". वेबसाइट लगेच चालते, तुम्ही खूश, तो खूश. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चांदणी ओळखता येते. त्याला परवानगीपत्र दाखवायला सांगा आणि चांदणी दिसली की विचारा, "हे का?" वेबसाइटला फोटो चढवायचे आहेत ना? मग एका ठरावीक फोल्डरमध्ये फाइल ठेवायची परवानगी पुरे. पुसायची कशाला?

मोठ्यांनाही हे चुकतं. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत २०१९ मध्ये १० कोटींवर लोकांची माहिती गेली. तिथे रखवालीला ठेवलेल्या एका यंत्रणेलाच साठवलेल्या फाइलींची यादी काढायची आणि त्या वाचायची परवानगी होती. वॉचमनला कपाटाची किल्ली.

पेमेंट गेटवेच्या कीचंही तेच. रेझरपेसारख्या सेवेत की आणि तिचा गुप्त भाग हातात आला तर बाहेरचा माणूस तुमच्या खात्यातून रिफंड काढू शकतो. म्हणजे ऑर्डर टाकायची, माल घ्यायचा, आणि स्वतःचे पैसे स्वतःला परत करायचे. ही की वेबसाइटच्या ग्राहकाला दिसणाऱ्या भागात कधीही नसावी, आणि चाचणीची की वेगळी, खरी वेगळी.

की बदलायची कशी, तेही सांगते. लोक घाबरतात की साइट बंद पडेल. म्हणूनच ॲमेझॉन एका युझरला एका वेळी दोन की ठेवू देतं. नवी तयार करा, वेबसाइटमध्ये ती टाका, साइट नीट चालते ना बघा. जुनी लगेच पुसू नका, फक्त निष्क्रिय करा. काही दिवसांत काही अडलं तर परत चालू करता येते. शेवटी कधी वापरली गेली ती तारीख खात्यात दिसते. जुनी कोणी वापरत नाही अशी खात्री झाली की पुसा.

किती दिवसांनी? डेव्हलपर बदलला, कोणी काम सोडलं, लॅपटॉप हरवला की त्याच दिवशी. आणि काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा. आम्ही नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढून सगळी पीडा गावाबाहेर घालवतो, मी त्याच आठवड्यात जुन्या परवानग्याही घालवते. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

खर्चाचं बजेट आणि त्याचा इशारा लावून ठेवा. चोरलेल्या कीने लोक तुमच्या खात्यात मोठमोठी मशीन चालू करून आभासी नाणी खणतात, बिल तुम्हाला. लक्षात घ्या, इशारा फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. आणि तुमची साइट मुंबईच्या सर्व्हरवर असली तरी चोर मशीन दुसऱ्याच खंडातल्या विभागात चालू करतो, जिथे तुम्ही कधी बघतच नाही. म्हणून बिल विभागवार उघडून बघायचं.

बॅकअपची एक प्रत वेगळ्या खात्यात. तेवढा खर्च झेपत नसेल तर महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुकानात नाही, घरी ठेवा.

की फुटलीच तर

पहिलं काम, की निष्क्रिय करा. प्रोग्राममधून ओळ काढून टाकल्याने काही होत नाही, जुन्या आवृत्त्यांत ती तशीच राहते. दुसरं, खात्यात कोणी नवे युझर, नव्या की तयार झाल्या आहेत का ते शोधा. ब्राउझरस्टॅक आणि कोड स्पेसेस दोन्हीकडे चोराने आत येताच हेच केलं होतं, म्हणून नुसती जुनी किल्ली बदलून तो बाहेर जात नाही. ॲमेझॉनच्या खात्यात मागच्या नव्वद दिवसांची नोंद फुकट बघता येते, कोणी काय केलं ते तिथे दिसतं. सगळे विभाग तपासा, अनोळखी मशीन बंद करा, क्लाउड कंपनीच्या सपोर्टला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, पहिले काही तास महत्त्वाचे. आणि ग्राहकांची माहिती गेली असेल तर लपवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे. तुमच्या-माझ्या दुकानाला कोणी तेवढा लावणार नाही, पण "आम्ही छोटे आहोत" हे उत्तर चालणार नाही.

डेव्हलपरला काय लिहायचं ते सुचत नाही असं बरेच जण म्हणतात. हा मेसेज उचला, हवा तसा बदला:

"दादा, दुकानाच्या वेबसाइटचं क्लाउड खातं, डोमेन आणि पेमेंट गेटवे कोणत्या मेलवर आहे ते कळवा. खात्यात सध्या किती युझर आणि किती ॲक्सेस की चालू आहेत, कोणती की कुठे वापरली आहे आणि शेवटी कधी वापरली गेली, त्याची यादी द्या. की स्वतः पाठवू नका, फक्त यादी. रूटच्या नावाची की असेल तर आपण ती या आठवड्यात बंद करू. तुमच्यासाठी वेगळा युझर करून देते. शनिवारी अर्धा तास सोबत बसू."

"की स्वतः पाठवू नका" हे वाक्य काढू नका. तरीही कोणी ना कोणी गुप्त भाग व्हॉट्सॲपवर टाकतोच. टाकला तर मेसेज डिलीट करून भागत नाही, ती की त्याच दिवशी बदलून घ्या.